पेवात उतरण्याआधी कंदील

माझे वडील सांगलीजवळच्या हरिपूरला पेवं रिकामी करायच्या कामावर होते. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत हळद भरून तोंड लिंपून टाकलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आत किड्याला जगायला हवाच उरत नाही. हळद ज्यामुळे टिकते, त्यामुळेच माणूस मरतो. म्हणून पेव उघडलं की काही तास तसंच सोडायचं. मग दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. तो तेवत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर थांबायचं. वर गाडी उभी असो, पेढीवरून निरोपावर निरोप येवोत, कंदील आधी.

पुढं मी मार्केट यार्डातल्या पेढ्यांवर सत्तावीस वर्षं हिशेब लिहिले. आता या सदरात व्यापाराचे प्रश्न घेते. गेल्या दोन महिन्यांतली निम्मी पत्रं एआयबद्दलची आहेत, त्यामुळे हा अख्खा अंक त्यांनाच देते. एआय वापरू नका असं मी कुणालाही सांगणार नाही. हळद शेवटी पेवातच ठेवली जायची. पण उतरण्याआधी काय बघायचं, ते प्रत्येक पत्रात वेगळं आहे.

*

ताई, यार्डात आमची हळदीची अडत आहे, वडिलांपासूनची. मुलगा पुण्याहून शिकून आलाय. त्याचं म्हणणं, शेतकऱ्यांना उत्तरं द्यायला व्हॉट्सअॅपवर एआयचा बॉट बसवू. सौद्याच्या दिवशी दोन-तीनशे मेसेज येतात हे खरं आहे. पण तो काही चुकीचं बोलला तर काय करायचं?
— हळद अडत व्यापारी, सांगली

दादा, मुलाचं म्हणणं चूक नाही. फक्त एक गोष्ट बापलेकांनी आधी मनाशी पक्की करा: बॉट जे बोलेल ते तुमच्या पेढीचं बोलणं धरलं जाईल.

कॅनडात हे प्रकरण निकालापर्यंत गेलं. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या वेबसाइटवरच्या बॉटनं एका प्रवाशाला सांगितलं की, घरात मृत्यू झाला असेल तर आधी तिकीट काढा, सवलत नंतर मागता येईल. त्याची आजी वारली होती. त्यानं तिकीट काढलं, प्रवास केला, सवलत मागितली. कंपनी म्हणाली, आमचा नियम तसा नाही. वर असंही म्हणाली की बॉट काय बोलतो त्याला बॉटच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं हे म्हणणं फेटाळलं आणि कंपनीला सगळे मिळून ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम लहान आहे, पण वेबसाइटवर जे लिहिलंय ते तुमचंच, पान असो की बॉट, हे त्यात ठरलं.

आता हेच यार्डात आणून बघा. कडेगावचा शेतकरी रात्री साडेनऊला विचारतो, ‘उद्या राजापुरी हळदीला काय निघंल?’ बॉट गोड आवाजात सांगतो, ‘साधारण साडेपंधरा हजार.’ शेतकरी पहाटे टेम्पो भरून येतो. सौद्यात तेरा निघतात. टेम्पोचं भाडं, हमाली, गेलेला दिवस सगळं त्याच्या अंगावर. तो भांडायला मशीनकडे जाणार नाही, तुमच्या गादीसमोर येऊन उभा राहील. पुढच्या वर्षी माल शेजारच्या दुकानात उतरवेल.

दुसरा धोका आपल्या भाषेचा आहे, आणि तो बॉट विकणारी मंडळी कधी सांगत नाहीत. मी एका पेढीवर असा बॉट तपासायला बसले होते. आवाजी मेसेज होता: ‘पावणेचौदा हजारानं दिली.’ मशीननं लिहिलं १४,७५०. पावणेचौदा म्हणजे १३,७५०. क्विंटलमागं हजाराचा फरक, तीस क्विंटलच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या बिलात, तीस हजारांचा. पाव, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडे, हे आपण विचार न करता बोलतो आणि मशीन तिथंच अडखळतं. ‘माझी उचल किती?’ या प्रश्नावर त्यानं गोदामातून माल कधी उचलणार हे सांगितलं. शेतकरी आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल विचारत होता. मला त्या क्षणी चुकीपेक्षाही त्या उत्तराच्या नीटनेटकेपणाची भीती वाटली. शुद्धलेखन उत्तम, वाक्यं नम्र, शेवटी ‘धन्यवाद’. नव्या पोरानं तसं चुकीचं सांगितलं असतं तर त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असतं.

म्हणून असं करा. मागच्या हंगामातले खरे पन्नास-साठ मेसेज काढा, आवाजी असतील तर आवाजीच, जतचे, कडेगावचे, कर्नाटकातून येणारेही. पेढीचा हिशेब सांभाळणाऱ्या दिवाणजींना त्यांची उत्तरं एका कागदावर लिहायला सांगा. मग तेच मेसेज बॉटला द्या आणि दोन्ही शेजारी ठेवून रुजवात करा. ज्या विषयात एकदाही पैशाची चूक झाली तो विषय त्याच्याकडून काढून घ्या. माझ्या अंदाजानं शेवटी त्याच्याकडे एवढं उरेल: सौद्याची वेळ, सुट्टीचे दिवस, कोणते कागद आणायचे, आणि बाजार समितीनं जाहीर केलेला आदल्या सौद्याचा दर तारखेसह. उद्याचा दर, उचल, येणं बाकी यावर एकच उत्तर, ‘दिवाणजी फोन करतील’, आणि तो फोन खरोखर गेला पाहिजे. पहिल्या हंगामभर दिवाणजींनी रोज वीस संभाषणं वाचायची. बॉट बंद कसा करायचा हे मुलासोबत आणखी एका माणसाला यायला हवं. मुलगा लग्नाला गेलेला असतानाच तो बिघडेल, असं धरूनच चला.

*

नमस्कार ताई. आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. ऑफिसातल्या मुलानं शेतकऱ्यांची यादी, नाव, मोबाइल, आधार, बँक खातं आणि येणं बाकी, सगळी फुकटच्या एआयमध्ये टाकून तक्ता करून घेतला. तक्ता दहा मिनिटांत झाला, एरवी दोन दिवस जातात. पण मला रात्री झोप लागली नाही. मी उगाच घाबरतोय का?
— बेदाणा व्यापारी, तासगाव

भाऊ, उगाच नाही घाबरलात. त्या मुलावर मात्र रागवू नका. काय टाकायचं नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

फुकटच्या एआयमध्ये आपण लिहिलेलं बऱ्याचदा त्याच कंपनीच्या पुढच्या मशीनला शिकवायला वापरता येतं, सेटिंगमध्ये जाऊन नकार दिला नसेल तर. आणि एकदा बाहेर गेलेलं परत मागवता येत नाही. सॅमसंगसारख्या कंपनीच्या इंजिनिअरांनी २०२३ मध्ये कंपनीचा गोपनीय प्रोग्रॅम चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीनं आपल्या संगणकांवर अशा साधनांना बंदी घातली. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयानंही जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना कळवलं की चॅटजीपीटी, डीपसीक अशी साधनं कार्यालयाच्या यंत्रांवर वापरू नका.

कायद्याचं म्हणाल तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुमच्या दुकानाला एवढा दंड होईल असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकायला आलाय. पण शेतकऱ्याचं आधार आणि खातं ही तुमच्याकडे ठेवायला दिलेली चीज आहे, हे कायदा आता स्पष्ट बोलतो. मला तर कायद्याच्या आधीचं एक कारण पुरेसं वाटतं. कोणत्या शेतकऱ्याची किती उचल आहे आणि कोण अडचणीत आहे, हे तुमच्या वहीत आहे. ती वही पेढीबाहेर जात नाही या विश्वासावर तो तुमच्याकडे येतो.

उद्यापासून एवढं करा. तक्ता हवा असेल तर नाव, मोबाइल, आधार, बँक खातं हे चारही रकाने आधी काढून टाका आणि फक्त तुमच्या वहीतला खाते क्रमांक ठेवा. मशीनला बेरीज करायला नाव लागत नाही. तक्ता आला की क्रमांकावरून नावं इथंच परत जोडा. रोजचंच काम असेल तर व्यवसायासाठीची पैसे भरून मिळणारी सेवा घ्या आणि माहिती शिकवण्यासाठी वापरणार नाही, हे करारात लिहून आहे ते बघा, विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. झालेल्या यादीचं ते संभाषण आज पुसून टाका, त्यानं सगळं भरून येत नाही पण तेवढं तरी करा. आणि एक साधी वही ठेवा: कुणी, कोणतं साधन, कशासाठी वापरलं, उत्तर कुणी तपासलं. मोठ्या कंपन्या यालाच भारदस्त नावं देतात. आपल्याला रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, ठेवायची सवय आहे, ही तिचीच बहीण.

तक्त्याचा ताळा जुळतो का तेही बघा. दहा मिनिटांत झालेल्या तक्त्याची बेरीज मी कॅल्क्युलेटरवर केल्याशिवाय खाली सही करत नाही.

*

जीएसटीच्या नोटिशीला उत्तर एआयकडून लिहून घेतलं. त्यात उच्च न्यायालयाचे तीन निकाल दिलेत. वाचायला भारी वाटतंय. असंच पाठवू का?
— मसाले उत्पादक, कुपवाड एमआयडीसी

नाही, पाठवू नका. हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगते.

दीड-दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या दुकानदारासाठी मी असंच उत्तर तयार केलं होतं. मुदत संपायला दोन दिवस होते. मशीननं दिलेला एक निकाल इतका आमच्याच प्रकरणासारखा होता की मला आनंद झाला. त्या आनंदानंच शंका आली. न्यायालयाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तर तिथं दुसराच, जमिनीच्या वादाचा खटला निघाला. पक्षकारांची नावंही मशीननं रचलेली होती. त्या रात्री मी सगळं उत्तर पुन्हा हातानं लिहिलं. ते तसंच गेलं असतं तर खाली सही दुकानदाराची होती आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

हे मशीन खोटं बोलायचं म्हणून बोलत नाही. पुढं कोणता शब्द शोभेल हे ते जुळवत जातं, आणि निकालाच्या जागी निकालासारखं दिसणारं काहीतरी बसवतं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी असेच सहा अस्तित्वात नसलेले निकाल न्यायालयात दिले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. आपल्याकडेही आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळुरू खंडपीठाचा डिसेंबर २०२४ चा एक आदेश मागं घ्यावा लागला, कारण त्यात आधाराला घेतलेले निकाल सापडेचनात.

तुमच्या उत्तरातले तिन्ही निकाल मूळ संकेतस्थळावर शोधा, पूर्ण वाचा. एक जरी सापडला नाही तरी बाकीच्या दोघांवरही विश्वास ठेवू नका. कच्चा मसुदा, भाषा नीट करणं, नोटिशीत नेमकं काय विचारलंय ते सोप्या मराठीत समजून घेणं, यासाठी एआय खुशाल वापरा. कलम, दर, तारीख आणि निकाल मात्र तुमच्या सीएनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे.

*

शीतगृहात आमचा बराच बेदाणा आहे. एका कंपनीचं एआय सांगतंय की दिवाळीपर्यंत दर चढतील, थांबा. मागच्या पाच वर्षांचे आकडे टाकून काढलंय म्हणे. थांबू का?
— बेदाणा उत्पादक, कवठेमहांकाळ

काका, थांबायचं की विकायचं हे मी सांगणार नाही. दिवाळीला मागणी वाढते हे तुम्हाला मशीनपेक्षा आधीपासून माहीत आहे. मशीनला काय माहीत नाही, ते बघू.

त्यानं पाच वर्षं पाहिली आहेत, म्हणजे त्या पाच वर्षांत जे घडलं तेवढंच त्याला घडू शकतं असं वाटतं. हरिपूरची पेवं पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित होती. त्या साऱ्या वर्षांचे आकडे टाकले असते तर कुठल्याही मशीननं सांगितलं असतं, धोका नाही. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आत शिरलं. वडिलांनी ज्या पेवांत आयुष्य काढलं त्यांतली हळद चिखल होऊन वर आली, आणि ती पुन्हा कधी भरली गेली नाहीत. घरी त्या आठवड्यात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

अमेरिकेत झिलो नावाची कंपनी मशीनच्या अंदाजावर घरं विकत घेऊन विकत होती. बाजार अंदाजाप्रमाणे वागला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिनं तो धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जवळपास चौथा हिस्सा माणसं कमी केली. त्यांच्याकडे आकड्यांची कमी नव्हती.

तुम्ही त्या कंपनीला तीन गोष्टी विचारा. ऑक्टोबरचा अवकाळी पाऊस आणि अफगाणिस्तानातून येणारा माल हे तुमच्या हिशेबात आहे का? मागच्या वर्षी याच महिन्यात तुम्ही काय सांगितलं होतं आणि प्रत्यक्ष काय झालं, ते लेखी दाखवता का? आणि अंदाज चुकला तर तुमचं काय जातं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असं येईल. मग तेवढ्याच वजनानं तो अंदाज घ्या. सगळा माल एका अंदाजावर अडकवू नका. शीतगृहाचं भाडं आणि कर्जाचं व्याज निघेल एवढा भाग आधी मोकळा करा, उरलेल्यावर जोखीम घ्या. दर पडला तर कोणत्या आकड्याला विकायचं हे आजच कागदावर लिहून ठेवा. पडत्या बाजारात ते ठरवायला माणसाचं मन थाऱ्यावर राहत नाही.

*

आमचा बचत गट हळद पावडर करतो. पाकिटासाठी एआयनं मजकूर लिहून दिला: ‘मधुमेह बरा करते, कर्करोगापासून संरक्षण.’ सगळ्याजणींना आवडलाय. छापायला देऊ?
— बचत गटाच्या अध्यक्षा, पलूस

ताई, छापखान्यात गेला असेल तर आत्ता फोन करून थांबवा. मधुमेह आणि कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करणं औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ खाली गुन्हा ठरू शकतं, आणि फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे. मशीननं इंटरनेटवरच्या हजार जाहिराती वाचून हे लिहिलंय, आणि त्यांतल्या बऱ्याच तशाच खोट्या आहेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हे वाचून एखाद्या बाईनं नवऱ्याची गोळी बंद केली तर?

तुमच्याकडे सांगायला खरं पुष्कळ आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते पाकिटावर वापरायची रीतसर नोंदणी करता येते, ती करा. कोणत्या गावची, कधी शिजवली, कधी दळली, भेसळ तपासणी कुठं केली, एवढं साध्या मराठीत लिहा. अन्न परवान्याचा क्रमांक विसरू नका.

*

मुलाच्या आवाजात फोन आला, ‘आई, बाबांना सांग, या खात्यावर चार लाख लगेच टाका, गाडी अडकलीय.’ आवाज हुबेहूब. नशीब, मुलगा तेव्हा घरातच जेवत होता. पुढच्या वेळी नसेल तर?
— द्राक्ष बागायतदार, मिरज

दादा, आवाजाची नक्कल करायला आता थोडंसं बोलणं मिळालं तरी पुरतं, आणि तुमच्या मुलाचे व्हिडिओ फेसबुकवर असणारच. हाँगकाँगमध्ये २०२४ च्या सुरुवातीला अरुप या कंपनीच्या कर्मचाऱ्याला व्हिडिओ कॉलवर साहेब आणि सहकारी दिसले, बोलले. सगळे बनावट होते. त्यानं जवळपास २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले होते.

म्हणून आवाज आणि चेहरा ही ओळख मानायचीच नाही. पैशाचा फोन आला की ठेवायचा आणि आपल्याकडच्या जुन्या नंबरवर आपण लावायचा, आलेल्या नंबरवर नाही. घाई करतोय, कुणाला सांगू नको म्हणतोय, तर तिथंच थांबायचं. ठरावीक रकमेवरचे पैसे एकाच माणसाच्या होकारावर जाऊ द्यायचे नाहीत, बँकेतही दोघांची मंजुरी लावून घ्या. पैसे गेलेच तर लाजत बसू नका. त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा, पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

आणि घरात एक खुणेचा शब्द ठरवा. व्हॉट्सअॅपवर कधी न लिहिलेला, वाढदिवस किंवा गावाचं नाव नको. आमच्या घरी जुन्या बैलाचं नाव ठरलंय, जो नातवंडांनी पाहिलाही नाही. आज रात्री जेवताना ठरवा आणि वहिनींना आवर्जून सांगा, कारण फोन त्यांनाच आला होता.